दानाकडून काल्याकडे

सप्ताहाची सांगता काल्याने होते. सात दिवस अखंड वीणा चालते, पारायण होते, रात्री कीर्तने होतात. पण आठव्या दिवशी काल्याचे कीर्तन झाल्याशिवाय आणि काल्याचा प्रसाद हातावर पडल्याशिवाय सप्ताह पुरा झाला असे कोणी मानत नाही. पंढरीची वारीही आषाढी एकादशीला संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि मगच पालख्या परतीची वाट धरतात. वाचक माउली, आपल्या संप्रदायाने शेवटचे स्थान काल्याला का दिले असेल, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

काल्याची कथा तुम्हाला पाठ आहे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कोणाची भाकरी ताजी, कोणाची शिळी. कोणाकडे दही, कोणाकडे नुसत्या लाह्या. एखाद्याच्या फडक्यात काहीच नाही. देवाने सगळे एकत्र केले, कालवले आणि मग सर्वांना वाटले. एकदा कालवल्यावर यातले माझे किती आणि तुझे किती, हे कोणालाच सांगता येईना. ज्याने काही आणले नव्हते त्याच्याही हातावर तितकाच घास आला, आणि तो घास भीक म्हणून आला नाही.

दान आणि काला यांत फरक आहे तो हाच. दानात देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. देणारा ओळखू येतो, घेणाराही ओळखू येतो. काल्यात दोघेही ओळखू येत नाहीत. काल्याची कीर्तने करण्यात माझी पन्नास वर्षे गेली. त्या आधाराने एक इतिहास तुमच्यापुढे ठेवतो. तो आपल्याच विदर्भातला, चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानमुलखातला आहे. गावाने ज्यांना वेशीबाहेर घालवले त्या माणसांनी दानापासून सुरुवात केली आणि शेवटी गावालाच काला वाढला. त्या जागेचे नाव आनंदवन.

आधी वेळ कशी होती ते पाहू. कुष्ठरोगाला आपल्याकडे महारोग म्हणत. या रोगात कातडीखालच्या नसा मरतात आणि त्या भागाची जाणीव जाते. हात चुलीवर भाजला तरी कळत नाही, पायात काटा रुतला तरी कळत नाही. जखमा चिघळतात, बोटे झडतात. पण शरीराच्या या हालांपेक्षा मोठे हाल घरात होत. आधी ताट वेगळे, मग अंथरूण वेगळे, मग गोठ्याच्या मागे एक खोपट, आणि शेवटी तेही नाही. रोग एकाला होई आणि शिक्षा साऱ्या घराला. मुलीचे लग्न ठरत नसे. भाऊबंद पाणी पीत नसत. जमिनीतला वाटा हळूच दुसऱ्याच्या नावावर जाई. बायकोला रोग झाला तर नवरा दुसरी करी. नवऱ्याला झाला तर बायको लेकरे घेऊन माहेरी जाई, नाहीतर त्याच्याबरोबर भीक मागत फिरे. १८९८ साली इंग्रज सरकारने कायदाच केला होता की भीक मागत फिरणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून आश्रयस्थानात डांबावे. तो कायदा केंद्राने रद्द केला २०१६ साली. आणि नवरा-बायकोतील एकाला हा रोग आहे, एवढ्यावर घटस्फोट मागण्याची तरतूद निघाली ती २०१९ साली. म्हणजे ही फार जुनी गोष्ट नाही.

नॉर्वे देशातल्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली या रोगाचा जंतू शोधून काढला. रोग जंतूमुळे होतो, हे त्यातून पुढे आले. पण आपल्या गावांत मात्र पुढे कित्येक वर्षे एकच उत्तर मिळत राहिले : हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ. आणि माउली, हे उत्तर देणाऱ्यांत टाळ गळ्यात असलेली माणसेही होती.

इथे थोडे थांबून शास्त्राचा विचार केला पाहिजे. प्रारब्धाचा सिद्धांत आपण मानतो. पण तो कोणासाठी सांगितला आहे? स्वतःवर दुःख कोसळले तर माणसाने खचू नये, दुसऱ्यावर दोष ठेवू नये, धीर धरून भजन सोडू नये, यासाठी तो सांगितला आहे. तो स्वतःला समजावण्यासाठी आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून त्याला त्याचे प्रारब्ध ऐकवणे, हा त्या सिद्धांताचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे लक्षण सांगताना केवढा विस्तार केला आहे ते आठवा. पायाखालच्या जिवाला धक्का लागू नये इतके जपून चालणारा तो ज्ञानी पुरुष. त्याने रस्त्याकडेच्या कुष्ठरोग्याला ‘भोग आता’ म्हटले असते का? ज्या बोलाने दुसऱ्याचे मन दुखावते तो बोल सिद्धांताचा असला तरी हिंसाच आहे.

असे असले तरी विदर्भाच्या मातीत या कामाची पेरणी आधी झाली होती, हे सांगायला हवे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने १९३६ साली कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्रामला परचुरेशास्त्री नावाचे संस्कृतचे मोठे पंडित कुष्ठरोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. वेद मुखोद्गत असलेल्या विद्वानालाही जग दूर लोटत होते, म्हणजे विद्या आणि जात दोन्ही या रोगापुढे लंगडी पडत. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. आणि आपले गाडगेबाबा! त्यांनी तीर्थाच्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, आंधळ्या-पांगळ्यांना, रोग्यांना पोटभर जेवू घातले, पंढरीत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. कीर्तनकाराने काय करावे याचा तो धडाच आहे.

आता मुख्य कथेकडे येऊ. मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म हिंगणघाटचा, २६ डिसेंबर १९१४ चा. घर श्रीमंत, वरोऱ्याजवळ गोरजा येथे जमीनजुमला. वकिली शिकले, चांगली चालली. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्यांचे खटले त्यांनी चालवले. लोक त्यांना बाबा म्हणत. १९४६ साली नागपूरच्या घुलेशास्त्र्यांच्या घरातल्या इंदूताईंशी त्यांचे लग्न झाले. त्याच पुढे साधनाताई. हे लग्न कसे ठरले ते ऐकण्यासारखे आहे. घुल्यांच्या घरी एका लग्नाची गडबड चालली होती. सगळे मांडवात, आणि ही मुलगी मागच्या अंगणात एका म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुवायला मदत करत होती. बाबांनी ते पाहिले. सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या मुलीचा हात कष्टकरणीच्या हाताला लागलेला होता. बाबांना तेवढे पुरे झाले.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत बाबा उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांच्या मागण्यांचा प्रश्न आला, तेव्हा ते काम काय असते ते कळावे म्हणून त्यांनी स्वतः नऊ महिने डोक्यावर मैला वाहिला. त्याच दिवसांत एका पावसाच्या सांजेला गटाराच्या कडेला त्यांना काहीतरी पडलेले दिसले. जवळ गेले तर तो माणूस होता. हातापायाला बोटे नाहीत, जखमांत किडे पडलेले. त्याचे नाव तुळशीराम. बाबा घाबरले आणि तिथून पळाले. मैला वाहताना जो माणूस कचरला नव्हता तो माणसाला पाहून पळाला! पण घरी त्यांना चैन पडेना. ते परत गेले, तुळशीरामला खाऊ घातले, पावसापासून आडोसा केला आणि त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. त्याच्याजवळ बाबांची भीती मात्र कायमची गेली.

इथे ध्यानात घ्या, बाबांनी पहिल्यांदा तुळशीरामला घास दिला तो दानच होता. भुकेल्यापुढे तत्त्वज्ञान सांगत बसायचे नसते, आधी अन्न द्यायचे असते. दान वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण दान ही पायरी आहे. पायरीवरच बसून राहिले तर देव दिसत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

बाबांनी पुढची पायरी चढायचे ठरवले. १९४९ साली वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन झाली. बाबा कलकत्त्याला जाऊन या रोगाची चिकित्सा शिकून आले. तिथे एका प्रयोगासाठी त्यांनी स्वतःच्या शरीरात या रोगाचे जंतू टोचून घेतले. प्रयोग फसला, त्यांना रोग झाला नाही. सल्फोन गटातले औषध तेव्हा नुकतेच आपल्या देशात येऊ लागले होते. ते घेऊन बाबा आसपासच्या गावांत रोग्यांना शोधत फिरले.

आणि मग १९५१ साल उजाडले. सरकारने वरोऱ्याजवळ पन्नास एकर जमीन दिली. जमीन म्हणजे खडक, काटेरी झुडपे, साप आणि विंचू. रात्री वाघाची चाहूल. बाबा आणि साधनाताई, विकास आणि प्रकाश ही त्यांची दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, एवढे भांडवल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेलंगणात पोचमपल्लीला विनोबांना पहिले भूदान मिळाले होते. त्याच विनोबांच्या हस्ते जूनमध्ये या खडकाळ माळाचे उद्घाटन झाले. आनंदवन हे काशीचे पुराणातले नाव. जिथे मरायला जावे ती काशी. इथे मात्र मेल्यात जमा झालेली माणसे जगायला आली.

पहिले काम विहिरीचे. पाणी नाही तर काहीच नाही. सहा रोगी आणि एक वकील मिळून विहीर खोदू लागले. आता विचार करा, बाबांना बाहेरून मजूर लावून विहीर खोदून घेता आली असती. वर्गणी मागितली असती तर दयाळू लोकांनी दिली असती, आणि ते सहाजण विहिरीच्या काठावर बसून दिलेले पाणी प्याले असते. पण बाबांचा सिद्धांत पहिल्यापासून पक्का होता, की फुकटचे दान माणसाला आतून पोखरते आणि काम त्याला उभे करते. ज्याची बोटे गेली तो तळव्यांत धरून काम करी. ज्याचे पाय गेले तो बसून करी. पाणी लागले तेव्हा ते कोणी कोणाला दिलेले पाणी नव्हते. सगळ्यांच्या घामाचे पाणी होते.

पाणी आले तसे धान्य आले, भाजी आली, दूध आले. खाऊन उरू लागले. आणि इथे कथेचा खरा कस लागला. ही भाजी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. रोग्यांच्या हातची भाजी! ज्यांना काल भाकरीचा तुकडा लांबून फेकायला लोक तयार होते, त्यांच्याच हातची भाजी पैसे देऊन घ्यायला तयार नव्हते. वाचक माउली, यात फार मोठे मर्म आहे. आपल्याला त्यांना द्यायला जमत होते, त्यांच्याकडून घ्यायला जमत नव्हते. देताना आपण मोठे राहतो. घेताना बरोबरीला यावे लागते. विटाळ रोगाचा नव्हता, बरोबरीचा होता.

ही कोंडी फुटली ती १९५४ च्या सुमारास. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे सुमारे पन्नास तरुण आनंदवनात आले. त्यांनी रोग्यांच्या बरोबरीने दवाखान्याच्या इमारती बांधल्या, त्यांच्यातच राहिले, त्यांच्याच पंगतीत जेवले. वरोऱ्याचे लोक हे पाहायला येऊ लागले. सातासमुद्रापलीकडची माणसे इथे जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे डोळ्यांनी दिसल्यावर भीती ओसरू लागली, आणि आनंदवनाची भाजी, दूध गावात जाऊ लागले. ही गोष्ट आनंदाची आहे तशी आपल्याला टोचणारीही आहे. एका पंगतीत बसून जेवायचे, हे आपल्याला संतांनी सातशे वर्षांपूर्वी शिकवले होते. ते आपल्या वेशीवर करून दाखवायला परदेशातली पोरे यावी लागली.

पुढचा टप्पा मला सर्वांत मोठा वाटतो. वरोरा परिसरातल्या मुलांना उच्च शिक्षणाची सोय नव्हती. १९६४ साली महारोगी सेवा समितीने आनंद निकेतन महाविद्यालय काढले आणि पुढच्या वर्षी कृषी महाविद्यालय. आनंदवनातल्या हातांनी ते उभे राहिले आणि त्यात शिकायला आली ती गावातली धडधाकट घरची मुले. ज्यांना शाळेच्या दारातून हाकलले होते त्यांनी हाकलणाऱ्यांच्या लेकरांना महाविद्यालय दिले. सूड नाही, टोमणा नाही, जुना हिशेब नाही. शिदोरी कालवली आणि सर्वांना वाटली. याला काला नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

मग या गोपाळांत आणखी गोपाळ मिळत गेले. आंधळ्या मुलांची शाळा झाली, मुक्या-बहिऱ्या मुलांची झाली. घरच्यांनी टाकलेली म्हातारी माणसे आली. बऱ्या झालेल्या स्त्री-पुरुषांची आपसात लग्ने लागली, संसार उभे राहिले. त्या घरांत मुले वाढली, म्हाताऱ्यांना नातवंडे मिळाली. हातमाग चालले, लाकूडकाम चालले, शेती वाढली. जो कालपर्यंत ‘खाणारे तोंड’ होता तो आता चार तोंडांना घास देणारा झाला. मोडलेल्या घराला मदत कशी करावी, याचे उत्तर आनंदवनाने असे दिले : त्याला काम द्या, त्याच्या हातचे घ्या आणि त्याला घर करू द्या.

यानंतर हा ओघ रानात शिरला. १९६७ साली मूल तालुक्यात सोमनाथ येथे शेतीचा प्रकल्प सुरू झाला आणि तिथे दर उन्हाळ्यात गावोगावचे तरुण श्रमाच्या छावणीला येऊ लागले. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला १९८२ साली. पावसाळ्यात महिनोन्महिने जगापासून तुटणारा तो मुलूख आणि तिथले माडिया गोंड लोक. बाबांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी तिथे जाऊन राहिले. वीज नाही, रस्ता नाही, झाडाखाली दवाखाना. माडिया माणसे सुरुवातीला जवळ येत नसत, आणि का यावीत? बाहेरून आलेल्यांनी त्यांना फसवण्यापलीकडे दिले काय होते? अंगभर कपडे नसलेल्या माणसांत आपण झुळझुळीत कपडे घालून कसे वावरायचे, म्हणून प्रकाशभाऊंनी नुसत्या बनियन आणि अर्ध्या चड्डीवर राहायचे ठरवले, ते आजतागायत. १९७६ साली तिथे आश्रमशाळा निघाली. देणारा जेव्हा घेणाऱ्याच्या पातळीवर येऊन बसतो, तेव्हाच त्याच्या हातचे औषध पोटात जाते.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे छोटेसे गोंड गाव आहे. तिथे कोणी बाहेरचा दाता नाही. मदतीला मित्र आले, अभ्यास सांगणारे आले, पण निर्णय गावाचा. ग्रामसभेत बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने ठरवायचे, अशी त्या गावाची रीत. २००९ साली गावाला आपल्या भोवतालच्या सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांत त्याचे नाव लागते. २०११ पासून आपल्या जंगलातला बांबू गाव स्वतः विकू लागले. आणि २०१३ साली गावातल्या साऱ्या घरांनी आपापली शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. ज्याच्याकडे जास्त होती त्यानेही आणि ज्याच्याकडे थोडी होती त्यानेही. १९५१ साली विनोबांनी पोचमपल्लीत जे बीज टाकले आणि त्याच वर्षी वरोऱ्यात ज्या माळावर ते उभे राहिले, त्या दोन्हींची आठवण साठ वर्षांनी या रानातल्या गावाने जागी केली. काल्याची शेवटची पायरी ही. तिथे देणारा आणि घेणारा असे दोन पक्षच उरत नाहीत.

तर हे सगळे पाहून आपण धन्य धन्य म्हणायचे आणि पान उलटायचे, असे नको. या इतिहासाची दुसरी बाजूही पाहा. आनंदवनात औषधाने बरे झालेले कित्येकजण आनंदाने आपल्या गावी गेले, आणि दार बंद पाहून परत आले. रोग गेला होता, गाव आले नव्हते. आनंदवन जितके मोठे झाले तितकी आपली गावे लहान ठरली, असेच म्हणावे लागेल. बरी झालेली माणसे आपापल्या घरी नांदली असती तर त्यांच्यासाठी वेगळे गाव वसवण्याची वेळच आली नसती. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबांनी आनंदवनात देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना तिथल्याच मातीत ठेवले. साधनाताई २०११ साली गेल्या. बाबा माळकरी नव्हते. पण आपल्या माळेचा अर्थ त्यांच्या जगण्यातून उलगडतो, हे मान्य करायला माळकऱ्याला कमीपणा वाटू नये.

आता आपल्याकडे वळू. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी ज्याला आत येऊ दिले नाही त्याच्या समाधीला नमस्कार करून आपण आत जातो. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले तेव्हा कुठे विठ्ठलमंदिर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या भावंडांना उघडले. दार एकदा उघडले म्हणजे काम झाले, असे नसते. चंद्रभागेच्या वाळवंटात, ज्या वाळूवर संतांनी जातीचा अभिमान टाकून एकमेकांच्या पायांवर डोके ठेवले, त्याच वाळूवर झडलेल्या बोटांची माणसे थाळी पुढे करून ओळीने बसलेली तुम्ही पाहिली असतील. आपण चालता चालता वरून नाणे टाकतो. नाणे थाळीत वाजते, आपले पुण्य वाजते, आणि आपण पुढे जातो. वारीत अनोळखी माणसाच्याही आपण पाया पडतो, त्याला माउली म्हणतो, उराउरी भेटतो. या ओळीतल्या माणसाच्या पाया पडलेला वारकरी किती वेळा दिसतो?

म्हणून चार गोष्टी सांगतो. त्या अवघड नाहीत. पहिली : अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्याला स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर घेतले की रोग बरा होतो, आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात तो दुसऱ्याला लागायचाही थांबतो. वेळेवर घेतले तर बोट झडत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत आजही नवे रोगी सापडतात, तेव्हा ‘आता कुठे राहिला तो रोग’ असे म्हणू नका. दिंडीत शेकडो माणसे एकत्र चालतात. विणेकऱ्याने, चोपदाराने एवढी माहिती दिली तर ते कीर्तनाइतकेच पुण्याचे काम आहे.

दुसरी : बऱ्या झालेल्या माणसाला रोगी म्हणू नका. हात वाकडा राहिला म्हणजे रोग राहिला असे नव्हे. तो जुन्या जखमेचा वण आहे. त्याला दिंडीत घ्या, टाळ द्या, पंगतीत शेजारी बसवा. तिसरी : त्याच्या हातचे घ्या. त्याने विणलेले कापड, त्याने पिकवलेले धान्य, त्याने वाढलेला भात. नाणे देण्यापेक्षा हे जड जाते, म्हणूनच ते करायचे. चौथी : गावात एखादे घर रोगाने, कर्जाने, दारूने किंवा अकाली मरणाने कोसळले असेल तर सप्ताहाच्या वर्गणीची यादी करताना त्या घरावरून पुढे जाऊ नका. त्या घरालाही काहीतरी मागा. मूठभर तांदूळ मागा, पाणी भरण्याची सेवा मागा, नाहीतर एक प्रहर वीणा घ्यायला सांगा. ज्या घराकडे कोणी काही मागत नाही ते घर गावातून हळूहळू पुसले जाते. ज्याच्याकडे मागितले जाते तो अजून गावाचा असतो. आणि मागून त्याला लागेल ते धान्य, फी, औषध गुपचूप पोचवा. ते कोणी दिले, याची पाटी लावू नका.

कोणी म्हणेल, महाराज, हे समाजकार्य झाले, परमार्थ कुठे आहे? त्याने काल्याचे कीर्तन पुन्हा नीट ऐकावे. देवाने गोपाळांच्या शिदोऱ्या कालवल्या तेव्हा वैकुंठातले देव त्या उष्ट्या घासासाठी आशाळभूत झाले, असे आपण रंगवून सांगतो. देवांना तो घास का मिळाला नाही? ते वरून पाहत होते, पंगतीत बसले नव्हते. वरून पाहणाऱ्याला काला मिळत नाही, मग तो देव का असेना.

यंदाच्या सप्ताहात काल्याचा प्रसाद हातावर घेताना आपल्या शेजारी कोण उभे आहे ते पाहा. आणि ज्याला तिथे उभे राहता आले नाही, त्याच्या घरी तो प्रसाद घेऊन तुम्ही जा. तिथे बसा, तो अर्धा त्याच्या हातावर ठेवा आणि अर्धा त्याच्या हातून घ्या.

रामकृष्णहरी.